गावातल्या तापमापकांची पडताळणी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२५

६ जानेवारी २०२५

इयत्ता नववीच्या विज्ञान प्रकल्पासाठी या वर्षी ‘आपल्या गावातील तापमापक’ हा विषय निश्चित केला. तापमापकाचे प्रकार पाठ्यपुस्तकात आहेत आणि विद्यार्थी ते परीक्षेत व्यवस्थित लिहितातही. परंतु घरातला थर्मामीटर बरोबर दाखवतो की नाही, हे आजवर कोणी तपासले आहे का, असे विचारल्यावर वर्गात एकही हात वर झाला नाही. त्यामुळे प्रकारांची यादी करण्यावर न थांबता गावात प्रत्यक्ष वापरात असलेला प्रत्येक तापमापक शोधावा, शक्य असेल तिथे त्याची पडताळणी करावी आणि त्याच्या चुकीची नोंद एका चिठ्ठीवर लिहून ती त्यालाच चिकटवावी, असे ठरले. बारा विद्यार्थ्यांचे चार गट केले असून पाहणीसाठी तीन दिवस दिले आहेत.

९ जानेवारी

पाहणीचे कागद आज जमा झाले. घरोघरी सापडले ते बहुतेक ताप मोजण्याचे थर्मामीटर. त्यांत डिजिटल जास्त आणि काचेचे थोडे. त्याखेरीज प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या फ्रीजमध्ये, दूध संस्थेच्या बल्क कूलरवर (दूध थंड ठेवण्याच्या मोठ्या टाकीवर), कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर तापमापक आहेत. आमच्या प्रयोगशाळेतील काचेचे सात आणि करोनाकाळात शाळेने घेतलेली कपाळावर धरायची ‘बंदूक’ यांचीही नोंद केली. कपाटाच्या वरच्या खणात इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा एक जुना कमाल-किमान तापमापक सापडला. त्याच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहीन.

एका विद्यार्थिनीने गिझर, इस्त्री आणि फ्रीज यांचाही यादीत समावेश केला होता. त्यांवर अंश दिसत नाहीत म्हणून गटातील इतरांनी ते खोडले होते. मी ते पुन्हा लिहायला लावले. इस्त्रीच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना पक्क्या जोडलेल्या असतात. तापल्यावर एक पट्टी दुसरीपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि वीजजोडणी तुटते. थंड झाल्यावर ती सरळ होऊन जोडणी पुन्हा सुरू होते. अंश न दाखवता तापमानावर काम करणारा हाही तापमापकाचाच सख्खा भाऊ आहे.

१३ जानेवारी

आज प्रयोगशाळेतील सातही तापमापकांची शून्य अंशाची पडताळणी केली. सर्व सात लाल अल्कोहोलचे असून −१० ते ११० अंश सेल्सिअस अशा पट्टीचे आहेत.

पहिल्या प्रयत्नात विद्यार्थ्यांनी चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात बर्फाचे पाच-सहा खडे टाकले आणि तापमापक बुडवले. सर्वांवर दोन ते चार अंश दिसले. ‘सर, सगळेच चुकीचे आहेत’ असा निष्कर्ष लगेच निघाला. चूक तापमापकांची नव्हती, तर त्यांना दिलेल्या पाण्याची होती. पाण्यावर बर्फ तरंगत असतो तेव्हा खालचे पाणी शून्याला पोचलेले नसते. बर्फ फडक्यात गुंडाळून बारीक कुटला, चंचुपात्र त्याने गच्च भरले, फटी भरतील एवढेच थंड पाणी ओतले आणि सतत ढवळत दहा मिनिटे थांबलो, तेव्हा सातपैकी पाच तापमापक शून्याच्या रेघेवर किंवा तिच्या अर्ध्या अंशाच्या आत स्थिरावले.

सहावा एक अंश जास्त दाखवतो. त्याला चिठ्ठी लावली. सातवा मात्र सहा अंश कमी दाखवत होता. भिंगाखाली नीट पाहिल्यावर नळीतला लाल स्तंभ वरच्या बाजूला तुटलेला आणि त्याचा लहानसा तुकडा टोकाशी अडकलेला दिसला. जेवढा द्रव वर अडकलेला, तेवढा स्तंभ खाली. म्हणून आकडा कमी. अल्कोहोलच्या तापमापकांत हा दोष नेहमी आढळतो, विशेषतः ते आडवे ठेवले किंवा वाहतुकीत हादरले तर. बर्फात भरपूर मीठ मिसळून त्यात तापमापकाचा फुगा, म्हणजे द्रव साठवणारा खालचा फुगीर भाग, बुडवला, तसा सगळा द्रव आकसत फुग्यात उतरला, तुटलेला तुकडाही नळी हळूहळू ठोकल्यावर खाली येऊन मिळाला, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर स्तंभ अखंड उभा राहिला. त्याची शून्याची पडताळणी पुन्हा केली. आता तो बरोबर आहे. हा तापमापक मागील दोन वर्षे ‘बिघडलेला’ म्हणून कपाटात पडून होता, याची मला मनापासून खंत वाटते.

१६ जानेवारी

दुसरे टोक, म्हणजे उकळबिंदू. पुस्तकात पाणी १०० अंशाला उकळते असे असल्यामुळे विद्यार्थी त्याच आकड्याची वाट पाहत बसले होते. वाफ भसाभस येत होती, पण सातही तापमापक ९८ च्या आसपास थांबले, आणि ज्योत मोठी केली तरी वर सरकेनात.

आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९८ अंशालाच उकळते. म्हणजे तापमापक खोटे बोलत नव्हते. आम्हीच मुंबईच्या समुद्रकिनाऱ्याचा आकडा कोल्हापूरजवळच्या आमच्या करवीर तालुक्यात शोधत होतो. हाच प्रयोग महाबळेश्वरात, सुमारे १३५० मीटरवर केला, तर ९५-९६ अंशालाच पाणी उकळेल. डोंगरावर डाळ शिजायला वेळ का लागतो, याचेही उत्तर यातच आहे.

प्रयोगासंबंधी एक सूचना पुढच्या वर्षीच्या गटासाठी लिहून ठेवतो. उकळबिंदू पाहताना तापमापकाचा फुगा पाण्यात न बुडवता पाण्याच्या किंचित वर, वाफेत धरावा. भांड्याच्या तळाशी आणि कडेला पाणी उकळबिंदूपेक्षा थोडे जास्त तापलेले असू शकते. वाफ मात्र स्थिर असते. फुगा तळाला टेकवून घेतलेले वाचन तर पूर्णपणे रद्द समजावे, कारण तेव्हा आपण पाण्याचे नव्हे, तर ज्योतीने तापलेल्या काचेचे तापमान वाचत असतो.

आज फळ्यावर मी एक वाक्य लिहिले आणि प्रकल्प संपेपर्यंत ते पुसू नये असे सांगितले : तापमापक फक्त स्वतःचे तापमान सांगतो. तो ज्या वस्तूला टेकवला आहे तिच्याइतकाच तापला आहे की नाही, हे पाहणे आपले काम.

२० जानेवारी

ताप मोजण्याचे थर्मामीटर. हे बर्फात किंवा उकळत्या पाण्यात तपासता येत नाहीत. काचेच्या वैद्यकीय थर्मामीटरची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सिअस एवढीच असते. उकळत्या पाण्यात बुडवला की पारा नळीच्या टोकाला धडकून काच फुटते. एका विद्यार्थ्याच्या घरी तो ‘निर्जंतुक’ करण्यासाठी चहाच्या आधणात टाकल्याने फुटला होता. साध्या पाण्याने आणि साबणाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे पुरेसे आहे.

म्हणून आम्ही मोठ्या पातेल्यात ३७-३८ अंशाचे कोमट पाणी घेतले, प्रयोगशाळेचा सर्वांत भरवशाचा तापमापक मध्यभागी ठेवला आणि घरून आणलेले थर्मामीटर त्याच्या भोवती बुडवून तुलना केली. बहुतेक डिजिटल थर्मामीटर एकमेकांशी जुळले. एकाचा आकडा जवळजवळ एक अंश कमी होता. त्यातील बटण-सेल बदलल्यावर तो जुळला. पडद्यावर सेलचे चिन्ह लुकलुकत असताना घेतलेले वाचन मानू नये, ही सूचना त्या घरी दिली आहे.

काचेच्या थर्मामीटरमध्ये फुग्याच्या लगेच वर नळीला एक आवळलेली जागा असते. काखेतून काढल्यावर पारा आकसतो, पण त्या आवळलेल्या जागी स्तंभ तुटतो आणि वरचा भाग जागेवरच राहतो. त्यामुळे सावकाश, उजेडात नेऊन आकडा वाचता येतो आणि पुढच्या वेळी तो झटकून खाली आणावा लागतो. एवढ्या साध्या युक्तीवर हे साधन दीडशे वर्षे चालले. इंग्लंडमधील वैद्य थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६० च्या दशकात सहा इंची थर्मामीटर प्रचारात आणला. त्याआधीचे थर्मामीटर सुमारे फूटभर लांब होते आणि त्यांना वीस मिनिटे लागत.

डिजिटल थर्मामीटरच्या टोकाशी थर्मिस्टर नावाचा बारीक मणी असतो; तापल्यावर त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि आतली चिप त्यावरून अंश काढते. तापमान वाढण्याचा वेग मंदावला की तो ‘बीप’ करतो. विद्यार्थ्यांनी एकाच वर्गमित्राच्या काखेत बीप वाजल्यावर लगेच आणि नंतर आणखी तीन मिनिटांनी असे दोनदा वाचन घेतले. दुसरे वाचन ०.४ अंश सेल्सिअसने जास्त आले. काखेत थर्मामीटर नुकताच घातलेला असतो तेव्हा त्वचाही बाहेरच्या हवेने गार झालेली असते, हे त्याचे मुख्य कारण. लहान बाळाचा ताप पाहताना आयांनी बीपनंतरही हात घट्ट मिटून थोडे थांबावे आणि तोंडातला ताप पाहायचा असल्यास चहा किंवा गार पाणी पिऊन किमान पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत, असा मजकूर चिठ्ठीवर लिहिला.

२४ जानेवारी

आज प्रयोगशाळेत पाऱ्याचा एक थर्मामीटर फुटला. झटकताना तो टेबलाच्या कडेवर आपटला. चूक माझी : काचेचे थर्मामीटर झटकण्यासाठी मोकळी जागा नेमून द्यायला हवी होती.

फरशीवर पाऱ्याचे चमकते थेंब पसरले आणि दोघे विद्यार्थी ते बोटाने ढकलायला वाकले. त्यांना लगेच मागे घेतले, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या आणि वर्ग बाहेर काढला. पारा झाडूने कधीही गोळा करू नये, कारण त्याने थेंब बारीक होऊन भेगांमध्ये जातात आणि तिथून महिनोन्महिने वाफ निघत राहते. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी थेंब एकमेकांकडे ढकलून मोठे केले, ड्रॉपरने उचलले आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवले. उरलेले सूक्ष्म कण चिकटपट्टीने टिपले. टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की ते चमकतात. काच, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वेगळ्या पिशवीत बंद केली. माझ्या बोटात अंगठी होती ती सुरुवातीलाच काढून ठेवली, कारण सोन्याला पारा लगेच लागतो.

विद्यार्थ्यांना पुढचा तास या विषयावरच घेतला. जपानमधील मिनामाता शहरात कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचे संयुग माशांमार्फत माणसांच्या शरीरात गेले आणि हजारो लोकांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाला. त्याच शहराच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पाऱ्याचे थर्मामीटर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे त्यात ठरले. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे पाऱ्याचे थर्मामीटर बनवणारा कारखाना होता. पारा असलेली फुटकी काच भंगारात टाकल्याचे उघड झाल्यावर तो २००१ मध्ये बंद झाला. आता मिळणाऱ्या काही काचेच्या थर्मामीटरमध्ये पाऱ्याऐवजी गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा चंदेरी मिश्रधातू असतो; तो दिसायला पाऱ्यासारखाच असला तरी त्याची वाफ पाऱ्यासारखी होत नाही.

गावात पाऱ्याचे जे थर्मामीटर उरले आहेत ते वापरातून काढून आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने सुरक्षित ठेवण्याचे ठरले. ते कचऱ्यात टाकू नयेत, हे प्रत्येक घरी जाऊन सांगायचे आहे.

२९ जानेवारी

प्राथमिक आरोग्य केंद्राला भेट. लसींचा फ्रीज वरून उघडणारा आहे, कारण गार हवा जड असते आणि झाकण उघडल्यावर ती सांडून जात नाही. त्याच्या भिंतींत बर्फाचा थर असतो, त्यामुळे वीज गेल्यावरही काही तास आतले तापमान टिकते. लसी २ ते ८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. आतमध्ये लसींच्या खोक्यांमध्येच अल्कोहोलचा तापमापक ठेवलेला होता आणि दिवसातून दोनदा त्याचे वाचन फ्रीजलगतच्या वहीत लिहिलेले होते. रविवारच्या नोंदीही वहीत होत्या, हे विद्यार्थ्यांनी स्वतःहून टिपले.

लस गरम झाली तर बिघडते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक होते. ती गोठली तरी बिघडते, हे त्यांना नवीन होते. आरोग्यसेविका ताईंनी समजावून सांगितले की पेंटाव्हॅलेंट किंवा धनुर्वाताच्या लशी एकदा गोठल्या की त्यांतील घटक गुठळ्या होऊन तळाशी बसतात. अशी कुपी हलवून ठेवली तर चांगल्या कुपीपेक्षा तिच्यातला साका लवकर खाली बसतो. उष्णतेसाठी कुपीवर एक छोटे चिन्ह छापलेले असते : वर्तुळात पांढरट चौकोन. उष्णता साठत जाईल तसा चौकोन गडद होतो आणि तो वर्तुळाच्या रंगाइतका झाला की कुपी वापरत नाहीत. अंश न दाखवणारा हा आणखी एक तापमापक आमच्या यादीत आला. याचे वैशिष्ट्य असे की तो क्षणाचे तापमान न सांगता आजवर सोसलेल्या उष्णतेची बेरीज सांगतो. मात्र गोठण्याची नोंद तो ठेवत नाही, म्हणून तापमापकाची जागा घेऊ शकत नाही.

दूध संस्थेच्या बल्क कूलरकडे परतताना थोडाच वेळ थांबलो. तिथला आकडा प्लॅटिनमच्या तारेच्या रोधावरून येतो. शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५ ओहम. दूध ४ अंशाला ठेवले जाते.

३ फेब्रुवारी

गुऱ्हाळ. या नोंदीसाठी मी दोन आठवडे थांबलो होतो.

काहिलीत रस उकळत असतो तेव्हा त्यातले पाणी उडत जाते आणि साखरेचे प्रमाण वाढत जाते. जितकी साखर जास्त तितका उकळबिंदू वर. म्हणून इथे तापमापक म्हणजे खरे तर पाक किती घट्ट झाला ते सांगणारे साधन आहे. काकवी साधारण १०५-१०६ अंशाला उतरवतात आणि गुळासाठी ११६ ते ११८ अंशापर्यंत जातात. आमचे प्रयोगशाळेचे तापमापक ११० अंशाचेच असल्याने ते इथे निरुपयोगी. काहिलीत घातले असते तर फुटले असते. पाऱ्याचा तापमापक अन्नाजवळ नेण्याचा प्रश्नच नव्हता. गुऱ्हाळमालकांनी लांब दांडीचा, घड्याळासारख्या तबकडीचा तापमापक घेतलेला आहे. त्यात इस्त्रीसारखीच दोन धातूंची पट्टी असते, फक्त ती वेटोळे करून दांडीच्या टोकात बसवलेली असते आणि तिच्या उलगडण्याने काटा फिरतो.

गूळ बनवणारे कारागीर, गुळव्या मामा, त्या काट्याकडे पाहतच नव्हते. ते चाटूने पाक उचलत, गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकत आणि बोटांत घेऊन त्याची गोळी वळत. काटा ११२ वर असताना त्यांनी काहील उतरवण्याची खूण केली. विद्यार्थी गोंधळले. मामा म्हणाले, ‘‘काटा काय बी म्हणू दे, माझी गोळी टणक झाली. आता थांबलो तर गूळ काळा पडंल.’’ पाक वाफ्यात, म्हणजे तो थंड करण्याच्या उथळ हौदात, ओतला गेला आणि गूळ उत्तम बांधला गेला.

म्हणजे चूक तापमापकाची होती. ती कुठे होती, ते शोधल्याशिवाय हा विषय सोडणार नाही.

७ फेब्रुवारी

मालकांनी तबकडीचा तापमापक दोन दिवस शाळेत दिला. वाफेत तो ९८ ऐवजी ९९.५ दाखवतो, म्हणजे दीड अंश जास्त. गुऱ्हाळावर मात्र तो कमी दाखवत होता. तेव्हा हा दोष ते कोडे सोडवत नव्हता, उलट वाढवत होता.

त्यानंतर एका विद्यार्थिनीने दांडी उकळत्या पाण्यात फक्त बोटाच्या पेराएवढी बुडवली आणि आम्ही काट्याकडे पाहत राहिलो. काटा ८९ वर थांबला. ती दांडी थोडी थोडी खाली सोडत गेली, तसा काटा चढत गेला आणि साधारण सहा सेंटिमीटर बुडाल्यावर ९९.५ ला स्थिर झाला. वेटोळे टोकापासून तेवढ्या लांबीत पसरलेले असल्यामुळे ते सगळे बुडाल्याशिवाय आकडा खरा येत नाही. गुऱ्हाळावर हा तापमापक काहिलीच्या काठाला अडकवलेला होता आणि त्याचे टोक जेमतेम फेसात पोचत होते. फळ्यावरचे वाक्य वाचून दाखवण्याची आज गरज पडली नाही. तिने ते स्वतःच म्हटले.

वेळ उरला म्हणून तांब्याची आणि लोखंडाची तार पिळून जोड तयार केला. एक जोड बर्फात आणि दुसरा उकळत्या पाण्यात ठेवून मल्टिमीटर लावला, तर एक मिलिव्होल्टच्या थोडे वर वाचन आले. जर्मन शास्त्रज्ञ सीबेक यांना १८२१ मध्ये सापडलेला हाच परिणाम भट्ट्यांमधील थर्मोकपलमध्ये, म्हणजे दोन धातूंच्या जोडावरून तापमान मोजणाऱ्या साधनात, वापरतात. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत वितळलेल्या लोखंडाचे हजार अंशांपलीकडचे तापमान काचेच्या कोणत्याही नळीने मोजता येणार नाही.

ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमधून आणलेल्या इन्फ्रारेड बंदुकीचा प्रयोगही केला. स्टीलच्या चकचकीत पातेल्यात पाणी उकळत असताना बाहेरून बंदूक रोखली, तर ३९ अंश दिसले. त्याच पातेल्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर रोखली, तर ९३. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारच कमी उत्सर्जित करतो आणि आरशासारखी खोलीची उष्णता परत पाठवतो. बंदूक बिचारी तीच मोजते. माणसाची त्वचा मात्र चांगली उत्सर्जक आहे, म्हणून कपाळावर हे साधन चालते, तेही घाम पुसून, उन्हातून आल्यावर थोडे थांबून आणि सांगितलेल्या अंतरावर धरूनच.

१२ फेब्रुवारी

पुन्हा गुऱ्हाळ. मालकांच्या परवानगीने लोहाराकडून एक कडी करून घेतली, तिच्यामुळे दांडी पाकात दहा सेंटिमीटर खोल आणि तळापासून मोकळी राहते. चार काहिली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहिल्या. मामांनी काट्याकडे न पाहता गोळीवरून खूण करायची आणि त्या क्षणी दुसऱ्या बाजूला बसलेल्या विद्यार्थ्याने काटा लिहायचा, असे ठरले. वाचने : ११८, ११८.५, ११७.५, ११८. दीड अंश वजा केल्यावर ११६ ते ११७.

मामांच्या बोटांत एका अंशाची अचूकता आहे. मुलांनी त्यांना वही दाखवली, तेव्हा त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि तिसऱ्या काहिलीचा ऊस वेगळ्या रानातला, खोडव्याचा (आधीच्या तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकाचा) होता, म्हणून ती लवकर उतरवली, असे सांगितले. आकडा एवढा बारीक फरक दाखवू शकतो, हे त्यांना पटले. आणि आकड्यामागचे कारण केवळ त्यांनाच ठाऊक होते, हे मुलांना.

आलेखावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. रस तासाहून अधिक काळ शंभरीच्या आसपास रेंगाळतो आणि शेवटच्या काही मिनिटांत ११० वरून ११७ पर्यंत धाव घेतो. त्यामुळे तापमापकाचा खरा उपयोग उतरवण्याचा क्षण ठरवण्यापेक्षा तो क्षण जवळ आल्याचा इशारा मिळण्यासाठी आहे : काटा ११२ ला पोचला की जाळ कमी करावा आणि वाटीत पाणी घेऊन सज्ज राहावे. चिठ्ठीवर तेच लिहिले : ‘दीड अंश जास्त दाखवतो. दांडी पूर्ण बुडवा. ११२ ला जाळ कमी.’

२० फेब्रुवारी

कपाटातला ‘यू’ आकाराचा तापमापक. जेम्स सिक्स यांनी अठराव्या शतकात योजलेल्या या रचनेत तापमान ओळखण्याचे काम डाव्या फुग्यातले अल्कोहोल करते. मधला पारा फक्त ढकलतो. पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर पोलादाच्या बारीक सुया असतात. पारा त्यांना पुढे सारतो आणि मागे फिरताना तिथेच सोडून येतो, त्यामुळे दिवसाचा उच्चांक आणि नीचांक दोन्ही जागेवर राहतात. वाचन सुईच्या खालच्या टोकाशी घ्यायचे आणि नंतर चुंबकाने सुया परत पाऱ्यावर आणायच्या. किमान तापमानाची पट्टी उलटी, वरून खाली वाढणारी असते. पहिल्या दिवशी सर्व गटांनी ती चुकीची वाचली.

जुन्या झडपांच्या खिडक्यांपासून पांढरी पेटी तयार करून ती मैदानात चार फूट उंचीवर बसवली आहे, आणि तिचे दार उत्तरेला आहे, म्हणजे उघडताना ऊन आत पडत नाही. दुपारी अडीच वाजता एकाच वेळी तीन ठिकाणी वाचन घेतले : पेटीत ३२, पत्र्याच्या व्हरांड्यात ३६, भर उन्हात ४३. ‘आज त्रेचाळीस झाले’ असे जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा ते बहुधा उन्हात तापलेल्या काचेविषयी बोलत असतात. हवामान खात्याचा आकडा नेहमी अशा पेटीतला, सावलीतल्या हवेचा असतो.

दुसऱ्या तापमापकाच्या फुग्याला मलमलीचे ओले फडके बांधून तोही पेटीत ठेवला, तो १९.५ वर उतरला. कोरड्या आणि ओल्या फुग्यांतला हा साडेबारा अंशांचा फरक म्हणजे हवा किती कोरडी आहे याचे माप. शाळेच्या माठातल्या पाण्यात तापमापक घातला, तेव्हा २१ दिसले. माठ हाही एक ओला फुगाच आहे. जूनमध्ये हवा दमट झाली की तो गार का राहत नाही, ते विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात याच पेटीशेजारी तपासून पाहावे.

२८ फेब्रुवारी

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात प्रकल्प मांडला. सर्वाधिक विचारलेला प्रश्न : ताप १०२ आणि ऊन ३८, मग ताप उन्हाच्या अडीचपट कसा? घरात ताप फॅरनहाइटमध्ये बोलला जातो आणि हवामान सेल्सिअसमध्ये, हे अनेकांच्या लक्षातच आलेले नव्हते. १०२ फॅरनहाइट म्हणजे ३८.९ सेल्सिअस. सतत बत्तीस वजा करून पाचाने गुणून नवाने भागण्यापेक्षा दोन्ही पट्ट्या शेजारी छापलेली एक पुठ्ठ्याची पट्टी मुलांनी तयार केली होती. ती आरोग्य केंद्रानेही मागून घेतली. डिजिटल थर्मामीटरवर बटण दाबून धरले की एकक बदलते, त्यामुळे एका आजींच्या थर्मामीटरवर अचानक ३७ दिसू लागले होते आणि त्यांनी तो बिघडला म्हणून बाजूला ठेवला होता. तो त्यांना पुन्हा फॅरनहाइटवर लावून दिला.

१७ मार्च

गुऱ्हाळाचा हंगाम आटोपत आला. तबकडीचा तापमापक शेवटच्या पडताळणीसाठी पुन्हा शाळेत आणला. वाफेत तो आता १००.५ दाखवतो, हंगामाच्या पाच आठवड्यांत चूक दीड अंशावरून अडीच अंशांवर गेली आहे. वेटोळे वारंवार तापून आणि दांडी काठावर आपटून असे होणे स्वाभाविक आहे. तबकडीच्या मागे काटा जुळवण्याचा नट आहे, परंतु तो फिरवायचा नाही असे ठरवले. चूक लिहिलेली असली की ती कशी वाढत गेली हे पुढच्या वर्षी समजेल, नट फिरवला की तो इतिहास पुसला जाईल. जुनी चिठ्ठी काढून वहीत या पानावर चिकटवली आहे. नवीन चिठ्ठीवर तारीख आणि ‘अडीच अंश जास्त’ असे लिहून तापमापक संध्याकाळी मालकांकडे पोचवला. पहिल्या काहिलीआधी, ऑक्टोबरमध्ये, तो पुन्हा तपासायचा आहे.